रूपकुंडचं हाड परत कुणाकडे द्यायचं?

माननीय केंद्रीय सांस्कृतिक कार्य मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

पत्राला कारण एक हाड. बोटाएवढं, पिवळट, एका टोकाला चीर गेलेलं. आमच्या ट्रेकमधल्या एकाने ते रूपकुंड तळ्याच्या काठावरून सॅकमध्ये टाकून पुण्याला आणलं. पुढे कित्येक वर्षं ते त्याच्या शोकेसमध्ये, कपबशांच्या शेजारी होतं. तो उचलत असताना मी बघत होतो आणि गप्प बसलो.

रूपकुंड उत्तराखंडात, सुमारे १६ हजार फुटांवर. बर्फ उतरलं की काठावर शेकडो माणसांच्या अस्थी उघड्या पडतात. काहींचे केस, मांस, चामड्याचं पायताणसुद्धा थंडीने राखलेलं. २०१९ मध्ये ३८ जणांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आमचं डेक्कन कॉलेजही होतं. २३ जण दक्षिण आशियाई, साधारण सातव्या ते दहाव्या शतकातले, तेही एकाच वेळी मेलेले नव्हेत. १४ जण मात्र पूर्व भूमध्य भागातले, आजच्या ग्रीस-क्रीटमधल्या लोकांच्या जवळचे, आणि जेमतेम २०० वर्षांपूर्वीचे! शोकेसमधलं हाड यांतल्या कुणाचं?

नॉर्वेत लेन्डब्रेनच्या खिंडीत २०११ साली बर्फाकडेला लोकरीचा एक चुरगळलेला बोळा दिसला. उलगडला तर अंगरखा, सुमारे १७०० वर्षांपूर्वीचा, ठिगळं लावलेला. म्हणजे घरात कुणीतरी सुई-दोरा घेऊन बसलं होतं. तिथले पुरातत्त्वज्ञ उन्हाळा सरताना, नवं बर्फ पडायच्या आत, वितळत्या कडेने पायी शोध घेतात. लोकर, चामडं एकदा उघड्यावर आलं की कुजायला वेळ लागत नाही.

आपल्याकडे २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्याळांतला, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांतला, मुक्काम बंद केला, गर्दी ओसरली. पण बर्फ काही न्यायालयाचं ऐकत नाही. दर सप्टेंबरला पुरातत्त्व सर्वेक्षणाचं छोटं पथक वर पाठवा. पायथ्याच्या वाण गावातली पोरं रीतसर मजुरीवर सोबत घ्या; त्या वाटा त्यांच्या पायाखालच्या आहेत.

आणि एक पत्ता जाहीर करा, जिथे नेलेली वस्तू कुठून उचलली ते लिहून, चौकशीचा ससेमिरा न लागता परत देता येईल. मित्राला ते हाड आता घरात नको झालंय. दोन कार्यालयांत विचारलं, दोन्हीकडे "आमच्याकडे येत नाही" हेच उत्तर. सध्या ते कापसात गुंडाळून स्टीलच्या डबीत, माझ्या कपाटात आहे.

आपला,
पुण्याचा एक ट्रेकर