काका, ते बूट अजून माझ्याकडेच आहेत

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितोय. तुम्हाला एकट्याला लिहिलं असतं तर "आभार कसले मानतोस, चहा घे" म्हणून विषय मिटवला असतात.

चौदा वर्षं झाली. फोकस्टनला, इंग्लंडच्या त्या समुद्राकाठच्या गावी, मी ईस्टरच्या हॉकी मेळ्यासाठी आलोच नव्हतो. गुड फ्रायडेची सुट्टी, खोलीत एकट्याला करमेना, म्हणून लंडनहून गाडी धरली. लीजवर, म्हणजे तिथल्या कड्यावरच्या रस्त्यावर उभं राहिलं की स्वच्छ हवेत फ्रान्स दिसतो असं ऐकलं होतं. दिसला नाही. वारा मात्र असा की कान बधिर. स्टेशनकडे परतताना कुठूनतरी ‘टक्’ असा आवाज आला. बॉल स्टिकवर नेमका बसला की येतो, तो. कॉलेज सुटल्यापासून ऐकला नव्हता.

कुंपणाला टेकून बघत राहिलो. एक पठ्ठ्या डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, तोंडावर बॉल नुसताच घुटमळवत होता आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे, मार की!" पांढऱ्या केसांचा अंपायर गर्रकन वळला. हाफटाइमला तुम्ही कुंपणाशी आलात. "कोण रे तू? खेळतोस?" नोकरी, व्हिसा, खोलीचं भाडं, यातलं काहीही न विचारणारा इंग्लंडातला पहिला मराठी माणूस!

पुढच्या मॅचला एका टीममध्ये दहाच जण होते. तुमच्या डिकीतून नऊ नंबरचे बूट निघाले. माझा पाय सातचा. मोज्यांचे दोन जोड चढवून उभा राहिलो. स्टिक उसनी, शर्टही उसना. त्या शर्टावर भोपळा का होता ते आजवर कळलेलं नाही.

मी शिकलो खडकीच्या मुरमावर. तिथे बॉल उड्या मारत येतो, अंदाज घ्यायला वेळ मिळतो. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, अंदाज घेईस्तोवर बॉल पार. पाचव्या मिनिटाला डीमध्ये पायाला लागला आणि तुम्हीच आमच्याविरुद्ध शॉर्ट कॉर्नरची शिक्षा दिलीत. वर हळूच मराठीत, "गाववाला म्हणून सूट नाही." मॅचनंतर मात्र अर्धा तास त्या वाऱ्यात थांबलात. गुडघे वाकव, स्टिक आधीच खाली ठेव. मी वैतागलो तर म्हणालात, "१९७६ ला मॉन्ट्रियलला ऑलिम्पिक पहिल्यांदा टर्फवर झालं, आपण सातवे आलो. अख्ख्या देशाला जमलं नाही, तुला आज दुपारीच जमायला हवंय?"

जिंकणाऱ्याचा कप कुठेय, हा माझा प्रश्न तर तुम्ही टेबलभर सांगत सुटलात. आपल्याकडे कोलकात्यात बेटन कप ही हॉकी स्पर्धा १८९५ पासून, त्यामुळे कपाशिवाय हॉकी आम्हाला सुचतच नाही. इथली हॉकी असोसिएशन १८८६ ची, आणि लीग-कप म्हटलं की ती कित्येक दशकं नाक मुरडायची. म्हणून क्लब नुसते मैत्रीचे सामने खेळायचे आणि ईस्टरला समुद्राकाठी गोळा व्हायचे. हे पटायला मला दोन दिवस लागले. सोमवारपर्यंत पाच मॅच खेळलो, चार हरलो, पाचवी बरोबरीत सुटली आणि आम्ही वर्ल्डकप जिंकल्यासारखे नाचलो.

परतीचं तिकीट वाया गेलं. तीन रात्री तुमच्या सोफ्यावर काढल्या. काकूंचं गरम पिठलं आणि भात, बाहेर तो वारा. काकू, तुमचे आभार वेगळे मानायला हवेत, पण तुम्हीही "गप जेव" म्हणाल.

यंदा तुम्ही शिट्टी खाली ठेवलीत असं काकूंकडून कळलं. गुडघे म्हणे ऐकत नाहीत. अंपायरला न जुमानणारे तेवढेच निघाले.

बुटांचे तळवे झिजलेत, डाव्याची शिवण मी दोनदा घालून घेतली. परत मागू नका. गेल्या रविवारी लेकीने ते घालून पाहिले. तिला मोज्यांचे चार जोड लागले.

तुमचा,
दहा जणांच्या टीममधला अकरावा