चिऊ, बंड्याला शू झाली का

चिऊ,

फोन उचलत नाहीस ते बरोबर आहे, तुझ्या जागी मी असतो तर मीपण उचलला नसता. म्हणून लिहायलोय. दुकान बंद करून दीड तास झाला, आई आत पडलीय पण झोपली नाही, कूस बदलली की बांगड्या वाजायल्यात. दुपारी तू तिला सांगितलंस की बंड्याचं किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन ३.२ आलंय आणि सलाईन चालूय, तिला तो शब्द नीट कळंना म्हणून तिनं कॅलेंडरच्या मागं लिहून घेतला आणि माझ्यासमोर धरला, बोलली काहीच नाही. नुसतं एवढं सांग, त्याला शू झाली का. बाकी काही विचारणार नाही.

येळवशीला, वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात तुला जे बोललो ते आधी सांगतो. अक्कानं भज्जी-भाकरी कालवून बंड्यापुढं ठेवली आणि तू धावत जाऊन ते ताट उचललंस, म्हणलीस आत्या यात लसूण आहे चिंच आहे, त्याला चालत नाही. अक्काचं तोंड एवढं झालं. कोपीसमोर सगळे बसलेले, दाजी, त्यांची पोरं, शेजारच्या वावरातले, आणि मी सगळ्यांदेखत म्हणलो की माणसाच्या लेकराला कुणी एवढं जपत नाही, हा तर कुत्रा आहे, पुण्याला गेल्यापासून लैच शिकलीस. तू काही बोलली नाहीस. आंबील पण पिली नाहीस, तुला एवढी आवडते तरी. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू गाडीत सामान भरायलीस तेव्हा तो दुकानात आला. काउंटरच्या आतल्या बाजूला, जिथं तू बसायचीस ना तांदळाच्या गोणीवर, तिथंच बसला आणि माझ्याकडं बघायला लागला. मी बरणीतून बेदाणे काढले. एक मूठ दिली, त्यानं हातातनंच खाल्ले, जीभ हाताला लागली, मग अजून एक मूठ दिली. तुलापण तसंच द्यायचो, एक मूठ आणि वरून एक मूठ. तू मोजून खायचीस, शंभरपर्यंतचे आकडे तू शाळेत नाही बेदाण्यावर शिकलीस, एकोणसाठला अडायचीस आणि परत पहिल्यापासून. आई म्हणते तुम्ही ते हट्टानं दिलं, आदल्या दिवशीचा राग होता. मी म्हणतो लाडानं दिलं. दोन्ही असेल, लेकरा. खोटं कशाला बोलू, एकदा बोललोय तेवढं बास झालं.

टेंभुर्णीवरनं तू फोन केलास की उलटी झाली, पप्पा काही खायला घातलं होतं का. मी नाही म्हणलो. नुसतं पाणी पिला म्हणलो. हे कामून केलं त्याचं उत्तर माझ्याकडं नाही, तुझा आवाज ऐकून भीती वाटली एवढंच. तुला वाटलं गाडी लागली असंल. रात्री अकराला परत फोन आला, तो उभा राहीना म्हणलीस, तेव्हा मी सांगितलं. सकाळी साडेनऊपासून रात्री अकरापर्यंत, साडेतेरा तास. त्या उदगीरच्या व्हेटरनरी कॉलेजला शिकणाऱ्या पोराला मी काल फोन लावला, पाटलाच्या वाड्यातला, त्यानं सांगितलं काका पहिल्या एक-दोन तासात डॉक्टरनं उलटी करून काढलं असतं तर पुष्कळसं बाहेर पडलं असतं. त्याला काय माहीत मी काय ऐकायलोय.

त्यानंच सांगितलं की द्राक्षात आणि बेदाण्यात टार्टारिक ॲसिड असतं आणि कुत्र्याच्या किडनीला ते सोसत नाही. आधी कित्येक वर्षं डॉक्टर लोकांना नेमकं कारणच कळत नव्हतं, २०२१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हे पुढं आणलं. चिंचेत पण तेच असतं म्हणे, भरपूर. तू ताट उचललंस ते बरोबर होतं गं. अक्काला मी सांगितलं फोन करून, ती रडायली, म्हणली मी तर अजून चिंच घालून आमटी करते रोज आणि उरलेली दारातल्या कुत्र्यांना घालते. आता घालणार नाही म्हणली.

मी काल रात्री काय केलं सांगतो. त्याच बरणीतून तशीच मूठ भरली आणि काट्यावर टाकली. ४८ ग्रॅम. परत भरली, ४५. परत, ५१. म्हणजे दोन मुठी धर शंभराच्या आसपास, आणि त्याचं वजन तू सांगितलं होतंस १८ किलो. मग त्या पोराला विचारलं किती चालतं. तो म्हणला काका याला मापच नाही, एखादा कुत्रा जास्त खाऊन पण सुटतो आणि एखाद्याला थोड्याशानं पण किडनी जाते, आधी सांगता येत नाही, म्हणून एक दाणा पण नाही द्यायचा. तीस वर्षं झाली मापून विकायलोय, माप नाही अशी वस्तू माझ्याच बरणीत होती. तासगावचा माल, चांगला पिवळाजर्द, पूजेला लोक हाच मागतात.

शू झाली का सांग. तो पोरगा म्हणला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किडनीचं खरं कळतं, सलाईन चालू असताना शू होत राहिली तर आशा आहे, बंद पडली तर अवघड. उद्या तिसरा दिवस. विचारणार नाही म्हणलो होतो, माहीत आहे मला.

तुला मोत्या आठवणार नाही, तू नव्हतीसच. भूकंपाच्या साली, १९९३ ला, ३० सप्टेंबरच्या पहाटे दादा गेले ते तुला माहीत आहे, त्याच्यापुढचं आम्ही कुणी जास्त बोलत नाही. मोत्या दादांचा कुत्रा. तो वाचला होता. पत्र्याच्या शेडमधी आम्ही राहायचो आणि बाहेरून मदतीच्या गाड्या यायच्या, दोन्ही टायमाला खिचडी, मोठ्या पातेल्यात, भरपूर कांदा घातलेली. दादांचा कुत्रा म्हणून सगळे त्याला आपल्यातलं द्यायचे, मी तर रोज द्यायचो, ताटातली अर्धी. दहा-बारा दिवसानं तो बसून राहायला लागला. दम लागायचा. हिरड्या पांढऱ्याफटक, आणि लघवी विटकरी रंगाची, हे मला पक्कं आठवतं कारण आज्जी म्हणली होती याला रक्त चाललंय. एका सकाळी गेला. सगळ्या गावानं म्हणलं मालकाच्या मागं गेला, खाणं सोडून गेला. पेपरवाल्या एकाला पण आम्ही तसंच सांगितलं. आणि मी पण इतकी वर्षं तेच सांगत आलो, तुला पण सांगितलं असंल.

खाणं सोडलं नव्हतं त्यानं. रोज खात होता, मीच घालत होतो.

त्या पोरानं कांद्याचं सांगितलं तेव्हा मी दुकानात खाली बसलो. कांदा, लसूण, पात, कच्चं असो शिजलेलं असो नाहीतर वाळलेलं, कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात त्यानं, आणि लगेच दिसत नाही, तीन-चार-पाच दिवसानं दिसतं, म्हणून कुणी त्याचा संबंध खाण्याशी लावत नाही. रोज थोडं थोडं गेलं तरी होतं. लसूण कांद्यापेक्षा पण वाईट. मोत्याचं तेच झालं असंल का हे आता कोण सांगणार, पण हिरड्या पांढऱ्या होत्या. मला येळवशीला तोंडावर होतं की आपले कुत्रे आयुष्यभर उरलंसुरलं खाऊन जगले, त्यांना काय झालं. त्यांना काय झालं ते आपण बघितलंच नाही चिऊ. गोठ्यामागं मेला की पान लागलं, साप चावला म्हणायचं आणि ओढून टाकायचं.

आता तू पण तिकडं लक्ष ठेवत जा. तुझ्या पर्समधी ते शुगरफ्री च्युइंगम असतं, मी बघितलंय, पर्स सोफ्यावर टाकायची सवय तुझी लहानपणापासनंची. त्यात झायलिटॉल असलं तर बेदाण्यापेक्षा पण भयंकर, अर्ध्या तासात साखर एकदम खाली येते, झटके येतात, आणि पुढं लिव्हर जातं. आपल्याला काही होत नाही त्यानं म्हणून कुणाला पटत नाही. पाकिटावर मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मी आज दुकानातली सगळी पाकिटं भिंग घेऊन वाचली, दोन कंपन्यांच्यात आहे. आणि चॉकलेट. दुधाचं चॉकलेट एक-दोन तुकडे खाल्ले तर १८ किलोच्या कुत्र्याला बहुतेक पोट बिघडण्यापलीकडं काही होत नाही, पण तुझं ते काळं कडू चॉकलेट ७०-८० ग्रॅम गेलं की त्रास सुरू, आणि तुझी केकची कोको पावडर त्याच्यापेक्षा जहाल, दोन-तीन मोठे चमचे पुरतात. दुखण्याच्या गोळ्या पण वर ठेव, माणसाची गोळी स्वतःच्या मनानं कधी देऊ नको. कणसाचं बुरकुंड, आंब्याची कोय, मटणाचं शिजलेलं हाड, ही पोटात अडकतात नाहीतर टोचतात. डस्टबिनला झाकण आहे का? पायानं उघडायचं घे, हातानं उघडायचं तो तोंडानं पाडतो.

बघ, परत सुरू झालो. ज्यानं घातलं त्यानंच तुला शिकवावं, तुला हे सगळं माझ्याआधी माहीत आहे. माफ कर. तू आलीस तेव्हा आपल्या फ्रिजवर कागद लावला होतास, काय द्यायचं नाही त्याचा, मी तो वाचला नव्हता. काल वाचला. बेदाणे दुसऱ्या नंबरला होतं, तुझं अक्षर अजून तसंच आहे, ण ला मोठी शेपटी.

रात्री अकराला मी तुला मिठाचं पाणी पाज म्हणणार होतो, गावाकडं कुणी फवारणीचं औषध पिलं की तेच करायचे. तू ऐकायच्या आधीच फोन ठेवलास. बरं झालं. तो पोरगा म्हणला मिठाच्या पाण्यानं कुत्र्याच्या रक्तात मीठ वाढून मेंदूवर जातं, उलटी करायची तर डॉक्टरच करतो. म्हणजे त्या रात्री मी दुसऱ्यांदा पण त्याला मारलं असतं.

आणि तू एकटी त्याला उचलून जिन्यानं खाली आणलंस, १८ किलो, रात्री एक वाजता चोवीस तास उघडं हॉस्पिटल शोधलंस, सह्या केल्यास, पैसे भरलेस, आणि आम्हाला सकाळी सांगितलंस. मी तुला बारावीपर्यंत स्कुटी घेऊन लातूरला जाऊ दिलं नव्हतं. आईला म्हणलो बघ आपली पोरगी, आणि पुढं बोलता आलं नाही. पण तू जेवलीस का? आईला म्हणलीस चहा पिले. चहा म्हणजे जेवण नाही. तिथं बाकावर झोपू नको, पाठ धरते तुझी, आणि अंगावर घ्यायला काहीतरी ठेव, ती निळी शाल गाडीतच आहे मागच्या सीटखाली, आईनं ठेवलीय. पैसे लागले तर सांग, तुझ्या पैशाला हात लावू नको, मी उद्या सकाळी टाकतो. हे माझं देणं आहे, यात तुझं माझं करू नको.

मला येऊ देशील का? सकाळच्या गाडीनं निघतो, दुपारी पोहोचतो. तुझ्याशी बोलणार नाही, बाहेर बसतो नुसता. तू घरी जाऊन आंघोळ कर, दोन तास झोप, मी त्याच्याजवळ बसतो. काही देणार नाही त्याला. डॉक्टरनं दिलं तरी तुला विचारून.

बेदाण्याची बरणी मी खालच्या फळीवरनं काढून वर ठेवलीय, आणि दारातल्या कुत्र्यांना टाकायचं आईचं भांडं वेगळं केलंय, त्यात नुसती भाकरी आणि बिनमिठाचा भात. ते नंतर सांगतो.

दोन वाजत आले. बोलायचं नसलं तर नको बोलू. आईच्या मोबाईलवर नुसतं झाली एवढंच टाक, मी जागाच आहे.

पप्पा