पंपाशेजारच्या खोलीतल्या बँडबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटी व्यवस्थापक समिती,
विश्रामबाग, सांगली

विषय : सराव बंद करण्याची नोटीस मागे घेण्याबाबत

स.न.वि.वि.

शुक्रवारी लिफ्टजवळ लागलेली नोटीस वाचली. 'बी विंगमधील रहिवाशांना होणारा त्रास लक्षात घेऊन' असं त्यात लिहिलंय. पंपाशेजारच्या ज्या खोलीत आपल्या पोरांचा बँड सराव करतो, तिच्या बरोबर डोक्यावर मी राहतो. त्रास होत असेल तर सगळ्यात आधी मला, आणि मला कुणी विचारलेलंच नाही.

त्रास होतो, नाही असं नाही. पण गिटार आणि गाणं वर फारसं येतच नाही. येतो तो पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा धक्का, तोही कानाला नाही, टाचेला. मांडणीवरची डब्यांची झाकणं थरथरतात. पोरांनी भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत. बिचारे महिनाभर गाड्यांवरून गोळा करत होते. त्याने आतला घुमारा जरा कमी होतो, बाहेर जाणारा आवाज अडत नाही. तो अडतो वजनाने आणि फटी बुजवल्याने. दाराखाली तर दोन बोटं फट आहे. रविवारी मी घरातल्या तीन जुन्या वाकळा खाली नेल्या. दोन दारावर टांगल्या, एक दुमडून ड्रमखाली घातली आणि वर येऊन बसलो. झाकणं बरीचशी गप्प.

माझे वडील मिरजेत तंतुवाद्यांच्या कारखान्यात कामाला होते. तंबोऱ्यांसाठी पंढरपूरकडून आलेले भोपळे आमच्या ओट्यावर वाळत असायचे. तंबोऱ्याची जवारी लावताना वडील तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरून कानस फिरवायचे, तारेखाली दोरा सरकवायचे आणि साध्या तारेला झंकार आणायचे. खालच्या गिटारवाल्याकडे पायाने दाबायची एक डबी आहे. ती दाबली की स्वच्छ तार फाटल्यासारखी गर्जते. मी म्हटलं, "अरे, ही तुमची जवारीच की!" दुसऱ्या दिवशी पोरगा दोरा मागायला वर आला.

या संगीताला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात, हे त्यांनीच सांगितलं. १९८० च्या दशकात अमेरिकेत मोठ्या कंपन्या ज्यांना दारात उभं करत नव्हत्या, त्यांची गाणी कॉलेजांच्या रेडिओवर वाजायची. पुढे १९९१ मध्ये निर्वाणा नावाच्या बँडने हे संगीत जगभर पोचवलं. कडवं दबक्या आवाजात आणि धृपदाला सगळे एकदम तुटून पडतात, ही त्यांची खोड आपल्या पोरांनी बरोबर उचललीय. शब्द मात्र मराठी. २०१९ च्या पुरात आजीला ट्रॉलीतून बाहेर काढलं, त्यावर एक गाणं आहे. गाणारा अर्धे शब्द गिळतो, तरी त्या गाण्याला मी जिन्यात थांबलो होतो.

नोटिशीत ध्वनिप्रदूषणाचे नियमही दाखवलेत. २००० सालच्या त्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती पोरांना जरूर लावावी. पण मग गणपतीत आपल्याच गेटसमोर डॉल्बी लागला होता, त्याचं काय? त्या रात्री माझ्या खिडकीची काच निखळली. वर्गणीची पावती अजून जपून ठेवलीय.

तेव्हा विनंती अशी : सराव संध्याकाळी साडेपाच ते आठ असावा, दहावी-बारावीच्या परीक्षा असताना पूर्ण बंद. ड्रमखाली जाड रबरी मॅट घालावी, तिचा खर्च मी देतो. दाराची फट सोसायटीच्या सुताराकडून बुजवून घ्यावी. ती तशीही बुजवायलाच हवी, उंदीर तिथूनच आत येतात. आणि खोलीची एक किल्ली माझ्याकडे द्यावी. आठ वाजता मी स्वतः कुलूप लावीन.

येत्या सभेत हा विषय घ्यावा. तोवर नोटीस काढून ठेवावी.

आपला,
बी विंग, पहिल्या मजल्यावरील एक सभासद

ता.क. वाकळा परत मागणार नाही.