वाशीतल्या त्या सगळ्यांना मनापासून थँक्यू

शनिवारी बाबांच्या वाढदिवसाला वाशीत एका रॉक म्युझिकवाल्या बर्गर रेस्टॉरंटला गेलेलो, बाबांना कानाचं मशीन आहे आणि आमचं टेबल नेमकं स्पीकरखाली, तर कोपऱ्यातल्या त्या दोघांनी आम्ही काही बोलायच्या आधीच उठून जागा बदलून दिली, तेही बर्गर अर्धा खाऊन झालेला असताना! बारवरच्या दादांना कळलं की बाबांच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी मोहितो रम न घालता बनवला, पुदिना लिंबू साखर सोडा सगळं तसंच आणि ग्लासही आमच्यासारखाच, त्यामुळे चिअर्स करताना बाबा वेगळे पडले नाहीत. माझ्यासाठी हे खूप मोठं आहे. आणि ऑर्डर घेणारी ती ताई, भिंतीवरच्या गिटारी दाखवत बाबांना सांगत होती की लंडनला 1971 मध्ये हार्ड रॉक कॅफे सुरू झालं, तिथे भिंतीवर पहिली गिटार एरिक क्लॅप्टनची लागली, बाबा कॉलेजात गिटार वाजवायचे ना, मग काय, दोघं तारांवरच बोलत बसले, फ्राईज गार झाल्या तरी चालेल. तुमची कोणाची नावं माहीत नाहीत, पण बाबांनी खास आशीर्वाद सांगितलेत, आणि परत कधी तिथे दिसलात तर बर्गर आमच्याकडून, नाही म्हणायचं नाही.