आईचा व्यवसाय: घरकाम

साखर पेठ, सोलापूर

प्रिय शुभा,

तू पाठवलेलं पार्सल ऐन गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत मिळालं. तीन पुस्तकांतलं आधी कुठलं उघडलं असेन, ते तू ओळखलंच असशील. क्लॉडिया गोल्डिनचं ‘करिअर अँड फॅमिली’. २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल तिला एकटीला मिळालं, बाईला एकटीला ते पहिल्यांदाच.

हे पुस्तक २०२१चं, शंभर वर्षांतल्या पदवीधर अमेरिकन बायकांवर. हाक मारली की कुठल्याही वेळी हजर राहणाऱ्यालाच जास्त पगार देणाऱ्या नोकऱ्यांना ती ‘ग्रीडी वर्क’ म्हणते. मूल झालं की घरातल्या एकानं ती नोकरी धरायची, दुसऱ्यानं सोयीची. दुसरी बहुधा बायकोच. पटलं, पण चौथीपर्यंत शिकलेली माझी अम्मा यात कुठे बसते, हे मनातून जाईना.

मग तिचं आधीचं संशोधन आठवलं. जुन्या अमेरिकन जनगणनेत बाईच्या व्यवसायापुढे बऱ्याचदा नुसतं ‘पत्नी’ लिहीत, मग ती शेतात राबो की घरात विणो. गोल्डिननं दुसरी दप्तरं धुंडाळून ते काम मोजलं. कारखाने येण्याआधी लग्न झालेल्या कितीतरी जणी कमवत होत्या; काम घरातून कारखान्यात गेलं तशा त्या मागे पडल्या; पुढे शिक्षण आणि कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांमुळे पुन्हा पुढे आल्या.

शुभा, नववीत फॉर्मवर ‘आईचा व्यवसाय’ यापुढे मी ‘घरकाम’ लिहिलं होतं. तेव्हा अम्मा दिवसाला हजार विड्या वळायची. पानं भिजवायची, कापायची, मांडीवर सूप घेऊन अंधार पडेपर्यंत वळत बसायची. दोरा बांधायला मी. कारखान्यात माल द्यायला गेली की तपासणारा मूठमूठ विड्या बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नाहीत, आणि विड्याही परत नाहीत. अप्पांची गिरणी बंद पडल्यावर आमची चूल त्याच सुपावर पेटली. आणि मी लिहिलं, घरकाम.

म्हणून इथे मला गोल्डिनशी भांडावंसं वाटतं. १८७७ साली जुनी गिरणी निघालेल्या या गावात कारखानदारी आली तरी आमच्या पूर्वभागातल्या बायकांचं काम घरातच राहिलं. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगारांची १०,००० घरं उभी आहेत. तिथली एक गल्ली फिरलं तरी गोल्डिनचा तो आधी खाली, मग वर जाणारा आलेख इथे जसाच्या तसा लागत नाही, हे दिसतं. अम्माला हे सांगितलं, तर तिनं एवढंच विचारलं, “तिथं हजाराला किती देत होते?”

असेमोग्लू आणि जॉन्सन या अर्थतज्ज्ञांचं ‘पॉवर अँड प्रोग्रेस’ निम्मं झालंय. यंत्र आलं म्हणून मजुरी आपोआप वाढत नाही, इंग्लंडच्या कापडगिरण्यांतही कामगारांना कित्येक दशकं थांबावं लागलं, हा भाग यंत्रमागावरच्या धाकट्या भावाला मराठीत सांगितला. दोन चहा होईपर्यंत तो उठला नाही. शैलजा पाईकांचं ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ अजून उघडलेलं नाही. तमाशातल्या दलित बायकांवरचं, येरवड्यात वाढलेल्या बाईनं लिहिलेलं पुस्तक, तेही आपण इंग्रजीतच वाचायचं, याचं वाईट वाटतं.

गोल्डिनचं पहिलं प्रकरण मी भावासाठी आणि गल्लीतल्या मुलींसाठी मराठीत उतरवायला घेतलंय. ‘ग्रीडी वर्क’ला ‘अधाशी नोकरी’ लिहिलंय. तुला बरं वाटतं का? बारा पानं सोबत आहेत, लाल पेनानं दुरुस्त करून लवकर पाठव. काकूंना नमस्कार.

तुझी,
पद्मा