रविवारचे सहावे पान

लेस्टर, रविवार

तीर्थस्वरूप सौ. आत्यास,
शिरसाष्टांग नमस्कार.

दर रविवारी बडोद्याच्या आठवणींचे एक पान नाशिकला तुझ्या पत्त्यावर पाठवीन, असे मी गणपतीत कबूल केले होते. त्याप्रमाणे पाच पाने तुला मिळाली आणि नंतर साडेतीन महिने काहीच आले नाही. फोनवर तू त्याबद्दल एकदाही विचारले नाहीस, त्यावरूनच तू किती रागावली आहेस ते कळले.

वेळ मिळत नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे एक तास मागे गेली, तेव्हापासून साडेचारलाच दिवे लावावे लागू लागले आणि दुपारी उजेडात लिहायला बसण्याची नुकती लागू पाहणारी सवय मोडली, हे खरे. पण ते निमित्त झाले. अडले ते सहाव्या पानावर. मला मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीबद्दल लिहायचे होते. लहानपणी बाबा मला तिथे घेऊन गेले, तेव्हा पुस्तकांच्या कपाटांमधली जमीन काचेची आहे हे पाहून मी जागीच थबकलो होतो, आणि खालपर्यंत उजेड पोहोचावा म्हणून ही योजना केली आहे असे त्यांनी समजावल्यावरही माझे पाऊल पुढे पडेना. एवढे लिहिले असते तरी पान भरले असते. पण मग वाटले, सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यास आणले, ते यायला हवे. खेड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवणारी फिरती वाचनालये सोडून कशी चालतील. आणि महाराजांचे नाव निघाल्यावर तुमच्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला, हे तरी का गाळावे? (ते तिकडून बडोद्याला आले आणि त्यांच्या बदल्यात आम्ही तुला तिकडे दिली, हा माझा जुना विनोद तू आणखी एकदा सहन कर.) पान काही पुरे होईना. शिवाय एक रविवार चुकला की पुढचे पान त्या खाड्याची भरपाई करण्याइतके भरघोस हवे असे वाटे, त्यामुळे तेही राही, आणि थकलेल्या हप्त्यावर व्याज चढावे तसे ते ओझे वाढतच गेले.

मागच्या आठवड्यात दांडिया बाजारातले घर आवरताना बाबांना आजोबांची रोजची टिपणवही सापडली, तिच्या काही पानांचे फोटो त्यांनी पाठवले. लांबट वही, लाल कापडी बांधणी, आणि रोजच्या दोन ओळी: ‘दूध दीड लिटर. पाऊस. विशेष नाही.’ एकाच महिन्यात ‘विशेष नाही’ हे शब्द मी अकरा वेळा मोजले, आणि विशेष नसतानाही ते लिहायला बसत, याचेच मला नवल वाटत राहिले. तुझ्या लग्नाच्या दिवशीची नोंदही त्याच दोन ओळींत बसवली आहे: ‘चि. ताईचे लग्न झाले. मठ्ठा कमी पडला. जावयांची छत्री इथेच राहिली.’ दुसऱ्या दिवशीची त्याहून लहान: ‘दूध एक लिटर. विशेष नाही.’

ते पान मी पुन्हा पुन्हा वाचले आणि मग सहावे पान लिहायला घेतले. ते सोबत जोडले आहे. त्यात काचेची जमीन आणि बाबांचा धरलेला हात एवढेच आहे. महाराज, बोर्डनसाहेब आणि पेट्या त्यांची पाळी येईल तेव्हा येतील. पान अर्धेच भरले आहे, उरलेल्या जागेत काही लिहिण्याचा मोह आवरला. पुढच्या रविवारी कदाचित याहूनही कमी येईल, तेव्हा पाकीट हलके लागले म्हणून काळजी करू नकोस.

काकांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांची छत्री त्यांना पुढे मिळाली की नाही, तेवढे मात्र उलटटपाली कळव.

तुझा भाचा