नाण्यांची मागची बाजूही दिसू द्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आमच्या शहरात भरलेलं प्राचीन नाण्यांचं प्रदर्शन पाहिलं. रोमन सोन्याच्या नाण्यांपुढे दिवे आणि मोठे फलक होते. ब्राँझची नाणी मात्र कोपऱ्यातल्या एका ट्रेमध्ये, सगळी सम्राटाचं तोंड वर करून ठेवलेली. शेजारी चिठ्ठी एवढीच : 'रोमन, ब्राँझ'. मन खट्टू झालं, म्हणून हे पत्र.

सोन्याचं नाणं सामान्य रोमन माणसाच्या हाती क्वचितच पडे. त्याचा बाजारहाट चाले तो या ब्राँझवर. (खरं तर त्यातलं सेस्टर्शियस हे नाणं पितळेचं आणि अस हे नाणं तांब्याचं, ब्राँझ हे सरसकट नाव.) पॉम्पेईत भिंतीवर वाइनचा दर लिहिलेला सापडला आहे : एका असला साधी, चार असना उंची फालेर्नियन. रोज हातात खेळणाऱ्या या नाण्यांच्या मागच्या बाजूवर सम्राट आपलं म्हणणं कोरून घेत. नीरोने रोमजवळचं ऑस्टियाचं बंदर दाखवलं, आत उभ्या जहाजांसकट. टायटसने कलोसियम दाखवलं. व्हेस्पाशियनच्या इ.स. ७१ च्या सेस्टर्शियसवर खजुराचं झाड आहे आणि त्याखाली एक बाई हातावर डोकं टेकून शोक करत बसली आहे. ती बाई म्हणजे हरलेला ज्युडिया, ज्यूंचा प्रांत. आदल्याच वर्षी तिथलं जेरुसलेम रोमनांच्या हाती पडलं होतं. भाजीचे सुटे पैसे मोजणाऱ्याच्या तळहातावर ती रोज येत असणार.

माझ्याकडे सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं एक नाणं आहे, अंगठ्याच्या नखाएवढं. त्यावर रोमच्या दंतकथेतली लांडगीण मान वळवून दूध पिणाऱ्या जुळ्यांकडे बघते आहे, वर दोन तारे. भिंग धरलं की तिच्या मानेवरचे केसही दिसतात. इ.स. ३३० मध्ये कॉन्स्टँटिनोपल ही नवी राजधानी झाली, त्या सुमारास जुन्या रोमच्या नावाने हे नाणं पाडलं गेलं. त्याची ही बाजू खाली दाबून ठेवली तर बघणाऱ्याला काय कळणार?

आपण छापा-काटा करतो, तशी रोमची मुलं नाणं उडवून 'डोकं की जहाज' म्हणत. जुन्या असवर एका बाजूला दुतोंडी जेनस देव आणि दुसऱ्या बाजूला जहाजाचं पुढचं टोक असे, त्यावरून.

आयोजकांना एवढीच विनंती : ट्रेखाली आरसा बसवा किंवा मागच्या बाजूचा मोठा फोटो शेजारी लावा. आणि कृपा करून नाणी घासून चकचकीत करू नका. त्यांच्यावरचा हिरवा थर शतकांनी चढलेला आहे, एकदा गेला की परत येत नाही.

कळावे,
एक नाणेसंग्राहक, सातारा